पडद्यावरचा रेणु कां फिरत नाहीं?

रेणूची आकृति पाहावयाची झाल्यास पूर्वीं पुस्तकाचें पान उघडावें लागे. आतां ब्राउझरची खिडकी उघडावी लागते. हिमोग्लोबिन, इन्सुलिन, डीएनए यांचे त्रिमितीय आकार घरबसल्या बोटानें फिरवून पाहण्याची सोय झाल्यामुळें शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांचा फारच मोठा लाभ झाला आहे. परंतु सोयीच्या पाठोपाठ तक्रारीहि आल्या. अलीकडे आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींच या एकाच विषयाचीं आहेत. म्हणून या महिन्याचें सदर आम्हीं त्यांस दिलें आहे.

नाशिकच्या एका भगिनीचें पत्र नमुन्यादाखल घेऊं. त्यांची कन्या बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षांत आहे. तिला प्रथिनांवर व्याख्यान द्यावयाचें असून त्याचे गुण परीक्षेंत धरले जाणार आहेत. महाविद्यालयांतील संगणकावर जो रेणु सुरेख फिरतो, तो घरच्या संगणकावर काळ्या चौकोनाखेरीज कांहीं दाखवीत नाहीं, आणि वडिलांच्या आयपॅडवर दिसतो पण अर्धाच! यजमान नवा संगणक घेण्याच्या विचारांत आहेत, तो घ्यावा किंवा कसें, अशी पृच्छा आहे. आमचें उत्तर असें कीं, तूर्त पैशाच्या पिशवीचें तोंड बांधून ठेवावें. या पत्रांत दोन निरनिराळे दोष एकत्र आले आहेत. त्यांपैकीं पहिला बहुधा फुकटांत दुरुस्त होईल, आणि दुसरा तर यंत्राचा दोषच नव्हे.

हें सांगण्यापूर्वीं थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे, कारण आजचे पुष्कळसे बिघाड हे कालच्या युक्तींचे अवशेष आहेत. रेणूची प्रतिमा ही एके काळीं हातानें बांधण्याची वस्तु होती. १९५८ साली केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनीं मायोग्लोबिनची पहिली ढोबळ आकृति सिद्ध केली ती प्लॅस्टिसिनची. पुढें सूक्ष्म आकृति बांधतांना उभ्या सळयांचें रानच उभारावें लागलें. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंतील एमआयटी संस्थेंत सायरस लेव्हिन्थाल यांनीं संगणकाच्या पडद्यावर प्रथिनाची रेषाकृति फिरवून दाखविली. १९७१ साली ब्रुकहेवन येथें प्रोटीन डेटा बँक निघाली, तेव्हां तींत अवघ्या ७ रचना होत्या. आज त्या २ लाखांहून अधिक आहेत. १९९३ च्या सुमारास रॉजर सेल यांचा रॅस्मोल हा कार्यक्रम सर्वांस फुकट मिळूं लागला आणि साध्या घरगुती संगणकावर रेणु फिरूं लागला. त्याच आज्ञावलीचा वारसा घेऊन १९९६ साली काइम आला. तो ब्राउझरच्या पोटांत बसे. परंतु विंडोज व जुना मॅक यांचीच त्यास मुख्यतः संगत, लिनक्सशीं त्याचें जमलें नाहीं. त्याच्यामागून जेमोल आला तो जावा भाषेंत लिहिलेला, म्हणजे एकदां लिहावा व सर्व यंत्रांवर चालवावा अशा प्रतिज्ञेचा.

ती प्रतिज्ञा कांहीं वर्षें खरी ठरली. मग जावाच्या वाटेनें चोर शिरूं लागले, आणि दारें लागूं लागलीं. २०१४ च्या जानेवारींत जावाच्या सातव्या आवृत्तीच्या ५१ व्या सुधारणेनें स्वाक्षरी नसलेल्या ॲप्लेटांना प्रवेश बंद केला. २०१५ मध्यें क्रोमनें आणि २०१७ मध्यें फायरफॉक्सनें तें दारच भिंत घालून बुजविलें. कित्येक प्राध्यापकांनीं सुट्यांच्या सुट्या खर्चून तयार केलेलीं पाठांचीं पानें त्यामुळें एका रात्रींत रिकामीं झालीं. मजकूर तेथेंच, चित्राची जागा मात्र करड्या रंगाची! सुदैवानें सेंट ओलाफ महाविद्यालयाचे रॉबर्ट हॅन्सन व त्यांचे सहकारी यांनीं २०१२-१३ च्या सुमारास जेमोलचें सबंध रूपांतर जावास्क्रिप्टमध्यें करून टाकलें होतें. तोच जेएसमोल. त्यास ब्राउझरांत दुसरें कांहीं बसवावें लागत नाहीं, आणि जुन्या पाठांतील आज्ञा तो बहुतेक जशाच्या तशा ऐकतो. तेव्हां ज्या शिक्षकबंधूंचीं पानें करडीं पडलीं आहेत त्यांनीं जावा पुन्हां बसविण्याच्या नादीं लागूं नये. इंटरनेटवर त्यासाठीं ज्या खटपटी सुचविलेल्या आढळतात त्या घराचें कुलूप काढून ठेवण्यासारख्या आहेत. पानांतील ॲप्लेटची ओळ काढून तेथें जेएसमोलची ओळ घालावी, हेंच श्रेयस्कर.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ब्राउझरांत रेणु काढण्याच्या पद्धति मुख्यतः दोन आहेत. जेएसमोल हा साध्या कॅनव्हासवर, संगणकाच्या मुख्य मेंदूच्या बळावर, ठिपका ठिपका मांडून चित्र काढतो. म्हणून तो जवळजवळ कोठेंहि चालतो, मात्र मोठा रेणु आला कीं बैलगाडी होते. मोल-स्टार, एनजीएल, थ्रीडीमोल हे दुसऱ्या पंथाचे. ते वेबजीएल या सोयीच्या द्वारें चित्र काढण्याचें काम निराळ्या चित्रण-चिपकडे सोंपवितात. त्यामुळें लाखभर अणु असले तरी ते सहज फिरवितात. पण ती चिप, तिचा चालक-कार्यक्रम अथवा ब्राउझरची परवानगी, यांपैकीं एकाची जरी गैरहजेरी असली तरी यांचें दुकान बंद. काळा किंवा पांढरा रिकामा चौकोन दिसला कीं प्रथम विचारावें: हा कार्यक्रम कोणत्या पंथाचा? एकाच यंत्रावर जेएसमोल चालतो आणि मोल-स्टार चालत नाहीं असें आढळलें, तर निम्मा तपास तेथेंच झाला.

तपासास एक ठराविक रेणु हाताशीं असावा. आमची शिफारस क्रॅम्बिनची आहे. डेटा बँकेंतील त्याचा संकेत १सीआरएन. हें प्रथिन एका तेलबियांच्या वनस्पतीच्या बियांत सांपडतें. ती वनस्पति मोहरीच्या कुळांतली, म्हणजे आपल्या फोडणीची दूरची आप्तच. अमिनो आम्लें ४६, फायलींतील अणु ३२७, आणि गंधकाचे पिवळे अणु बरोबर ६. इतका लहान रेणु कोणत्याहि फोनवर उघडला पाहिजे. तो उघडला आणि तुमचा उघडत नसला, तर दोष रेणूच्या फायलींत किंवा तिच्या आकारांत. तोहि उघडला नाहीं, तर दोष यंत्रांत, ब्राउझरांत किंवा वाटेंत. मग तोच रेणु त्याच यंत्रावर दुसऱ्या ब्राउझरांत पाहावा, आणि त्यानंतर खाजगी खिडकींत पाहावा, कारण तेथें जाहिराती अडविणारीं उपकरणें बहुधा निद्रिस्त असतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. ब्राउझर नवा घेतला, साठवण पुसली, यंत्र पुन्हां सुरू केलें, हें सर्व एका दमांत करणारास रोग बरा झाला तरी कशानें तें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां तोच घोळ.

नाशिकच्या काळ्या चौकोनाचें कारण वेबजीएल हेंच असावें असा आमचा तर्क आहे. गेट.वेबजीएल.ऑर्ग हें स्थळ उघडावें. तेथें फिरणारा घन दिसला तर वेबजीएल ठीक आहे. न दिसल्यास क्रोमच्या रचनेंतील ‘सिस्टिम’ या भागांत चित्रण-प्रवेग वापरण्याची कळ बंद आहे काय तें पाहावें. तिच्यावर कोणीतरी कधींतरी ‘संगणक गरम होतो’ म्हणून हात फिरविलेला असतो. ती चालू असूनहि घन दिसत नसेल तर चिपचा चालक जुना असतो. ज्या चालकांत दोष असल्याचें ठाऊक आहे, त्यांचीं नांवें ब्राउझरांनीं काळ्या यादींत टाकलेलीं असतात आणि तेथें वेबजीएल मुद्दाम नाकारलें जातें. क्रोममध्यें पत्त्याच्या जागीं ‘क्रोम’, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा व ‘जीपीयू’ असें रोमन लिपींत लिहिल्यास आणि फायरफॉक्समध्यें ‘अबाउट’, अपूर्णविराम व ‘सपोर्ट’ असें लिहिल्यास याचा सविस्तर जबाब मिळतो. चालक संगणकाच्या किंवा चिपच्या निर्मात्याकडून नवा आणावा. त्यास दाम पडत नाहीं. याउपरहि न जमल्यास जेएसमोल आहेच, आणि व्याख्यानापुरता तो पुष्कळ आहे.

दुसरा एक दोष असा आहे कीं, त्यानें चांगले जाणकारहि चकतात. इंटरनेटवर ठेवलेलें पान सुरळीत चालतें. तेंच पान पेनड्राइव्हवर उतरवून घरीं उघडलें कीं ‘लोडिंग’ हा शब्द तासन्‌तास तसाच. याचें कारण असें: पान आपल्या डिस्कवरून सरळ उघडलें असतां त्यानें शेजारची रेणूची फाइल मागितली तर ब्राउझर ती देत नाहीं. एखाद्या टपालांतून आलेल्या लबाड पानानें घरांतील खाजगी कागद वाचूं नयेत म्हणून हा पहारा. क्रोमचा हा नियम जुनाच आहे. फायरफॉक्स उदार होता, परंतु २०१९ साली ६८ व्या आवृत्तीपासून तोहि कडक झाला. ‘गेल्या वर्षीं चालत होतें, आतां चालत नाहीं’ या त्या काळच्या बऱ्याच तक्रारींचें मूळ येथें होतें. उपाय सोपा आहे. संगणकावर पायथन असल्यास पानांच्या फोल्डरांत आज्ञेची खिडकी उघडून रोमन अक्षरांत ‘पायथन’, मोकळी जागा, आडव्या रेघेला जोडून ‘एम’, पुन्हां मोकळी जागा आणि ‘एचटीटीपी’ बिंदु ‘सर्व्हर’ अशी आज्ञा द्यावी. नंतर ब्राउझरांत ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि ८००० असा पत्ता घालावा. मग तेंच पान घरच्या घरीं पाहुण्यासारखें दारानें आंत येतें आणि पहारेकरी त्यास अडवीत नाहीं.

याच्या उलटहि घडतें: घरीं चालतें, महाविद्यालयाच्या सर्व्हरवर चढविलें कीं बंद! येथें बहुतेक वेळां अपराधी असतें एखादें मोठें अक्षर. विंडोज आणि सामान्यतः मॅक हे फाइलीच्या नांवांतील लहान-मोठें रोमन अक्षर एकच समजतात. लिनक्स समजत नाहीं, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सचे. पानांत ‘कॅफीन’चें पहिलें अक्षर मोठें व फायलीवर लहान, एवढ्यावरून रेणु अदृश्य होतो. जेएसमोलच्या बाबतींत ‘जे२एस’ नांवाचें फोल्डर चढवावयाचें राहिलें किंवा त्याचा मार्ग चुकला तरी हाच प्रकार. सुरक्षित पत्त्याच्या पानानें असुरक्षित पत्त्यावरून फाइल मागितली तरी ब्राउझर ती नाकारतो. जुन्या पानांत असे पत्ते पुष्कळ आढळतात. शिवाय अमेरिकेंतील आरसीएसबी या डेटा बँकेच्या शाखेनें एमएमटीएफ बांधणीच्या फायली देणें २०२४ च्या जुलैंत बंद केलें, त्यामुळें त्यांवर विसंबलेलीं कांहीं पानें हल्लींच मुकीं झालीं आहेत. हें सर्व डोळ्यांनीं ताडण्याची गरज नाहीं. संगणकावर एफ-१२ ही कळ दाबली असतां जी खिडकी उघडते तिच्या ‘कन्सोल’ भागांत लाल अक्षरांत कारण छापलेलें असतें. लोक ती लाल ओळ पाहून घाबरतात व खिडकी मिटतात, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटतें. डॉक्टरनें स्वहस्तें लिहिलेलें निदान न वाचतां फेंकून देण्यासारखेंच तें आहे.

फोन व आयपॅड यांविषयीं थोडक्यांत. तेथें उजवें बटण नाहीं, म्हणून जेएसमोलची यादी सांपडत नाहीं असें पुष्कळ जण लिहितात. चित्राच्या कोपऱ्यांतील जेएसमोल या अक्षरांवर बोट ठेवावें म्हणजे ती उघडते. (मॅकवर एकच बटण असल्यास कंट्रोल दाबून टिचकी मारावी.) आयफोनवर क्रोम घेतला तरी आंतील यंत्र बहुधा सफारीचेंच असतें, तेव्हां तेथें ‘दुसऱ्या ब्राउझरांत पाहिलें’ या परीक्षेस फारसा अर्थ उरत नाहीं. सफारींत वेबजीएलची दुसरी आवृत्ति २०२१ च्या पंधराव्या आवृत्तीपासून आली. त्याहून जुन्या सफारीवर अडलेल्या आयपॅडवर कांहीं नवे कार्यक्रम उघडणार नाहींत, आणि त्यास इलाज नाहीं. एकाच पानावर अनेक रेणु मांडण्याची हौस असलेल्यांनीं हेंहि ध्यानांत धरावें कीं, क्रोम एका वेळीं सुमारें सोळाच वेबजीएल-चित्रें जिवंत ठेवतो. सतरावें आलें कीं पहिलें मावळतें.

रेणूच्या आकाराचा प्रश्न निराळा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर वेंकटरामन रामकृष्णन यांस २००९ साली ज्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, त्यांतील रायबोसोमचा लहान खंड १जे५ई या संकेतानें मिळतो. त्यांत ५० हजारांहून अधिक अणु आहेत. जुन्या संगणकावर जेएसमोलमध्यें तो गोळ्यांच्या रूपांत फिरवूं पाहिल्यास यंत्र घोंगावूं लागतें; केवळ कण्याची फीत काढावी, म्हणजे तोच रेणु शहाण्यासारखा वागतो. सबंध रायबोसोम तर जुन्या पीडीबी बांधणीच्या फायलींत मावतच नाहीं, कारण तींत अणूच्या क्रमांकास पांचच घरें, म्हणजे ९९,९९९ च्या पुढें गणती नाहीं. अशा रचना एमएमसिफ बांधणींत घ्याव्या लागतात. ‘फाइल उतरत नाहीं’ अशी ज्यांची ओरड आहे त्यांनीं आपण नसलेलीच फाइल तर मागत नाहीं ना, हें पाहावें.

आतां आयपॅडवरचें अर्धें हिमोग्लोबिन. येथें आम्हांस जरा सविस्तर लिहावें लागणार, कारण परीक्षेंत नुकसान होतें तें काळ्या चौकोनामुळें नव्हे. काळा चौकोन निदान आपण बिघडलों आहों हें कबूल करतो. सुंदर रंगीत पण अपुरें चित्र तसें करीत नाहीं.

प्राणवायु धारण केलेल्या मानवी हिमोग्लोबिनची एक प्रसिद्ध रचना १एचएचओ या संकेताची आहे. हिमोग्लोबिनांत दोन आल्फा व दोन बीटा अशा चार सांखळ्या असतात हें पाठ्यपुस्तकांत सर्वांनीं वाचलेलें असतें. पण ही फाइल उघडली कीं दोनच दिसतात! कारण असें कीं, क्ष-किरणांनीं स्फटिकाची रचना काढतांना स्फटिकांत जो भाग पुन्हां पुन्हां येतो तेवढाच एकदां लिहिण्याची प्रथा आहे, आणि या स्फटिकांत तो भाग म्हणजे नेमका अर्धा रेणु. उरलेला अर्धा त्यावरून फिरवून मिळवावयाचा असतो व तो कसा फिरवावा याची कृति फायलींतच लिहिलेली असते. आरसीएसबीच्या स्थळावर मोल-स्टार ती कृति आपण होऊन करतो आणि चार सांखळ्या दाखवितो. जेएसमोल फाइल जशी आहे तशी दाखवितो, म्हणजे दोन. यावरून महाविद्यालयांतील कार्यक्रम चांगला व आयपॅड बिघडलेला असा ग्रह होणें स्वाभाविक आहे. पण दोन्ही यंत्रें खरें तेंच सांगत असतात. जेएसमोलला फाइल मागतांना गाळणीच्या जागीं ‘बायोमॉलिक्यूल १’ असें सांगितलें कीं चारहि सांखळ्या हजर होतात. प्राणवायुविरहित हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही रचना घेतल्यास हा प्रश्नच उद्भवत नाहीं, तिच्यांत चारहि सांखळ्या व ५७४ अमिनो आम्लें आहेत.

अशाच आणखी तक्रारी. हायड्रोजनचे पांढरे अणु कोठें गेले? क्ष-किरणांस हायड्रोजन फारच अंधुक दिसतो, म्हणून बहुतेक प्रथिनांच्या फायलींत तो लिहिलेलाच नसतो. क्रॅम्बिनचे ते ३२७ अणु हायड्रोजनावांचूनचेच. रेणूभोंवतीं उधळलेले सुटे लाल ठिपके कसले? तें पाणी, त्यांतील प्राणवायूचा अणु तेवढा दिसतो. कॅफीनच्या रेणूंत द्विबंध कां दिसत नाहींत? पीडीबी फायलींत बंधांची दुहेरी-एकेरी जात सहसा नोंदलेली नसते, कार्यक्रम केवळ अंतरावरून कोण कोणास जोडला आहे हें ताडतो. लहान औषधी रेणूंसाठीं पबकेममधून एसडीएफ फाइल घ्यावी, तींत बंधांची जात स्पष्ट असते. आणि एका कार्यक्रमांत सर्पिल एक अमिनो आम्ल आधीं संपतें व दुसऱ्यांत नंतर, याचेंहि कारण असें कीं, एक फायलींत लिहिलेल्या सीमा मानतो व दुसरा स्वतः गणित करून ठरवितो. परीक्षकानें विचारल्यास हेंच उत्तर द्यावें. तें ऐकून चांगल्या परीक्षकास संतोषच होईल.

व्याख्यान ज्यांचें जवळ आलें आहे त्यांच्यासाठीं शेवटची सूचना. सभागृहांतील संगणकावर वा तेथील इंटरनेटवर भिस्त ठेवूं नये. महाविद्यालयांच्या जाळ्यांत बाहेरचे पत्ते अडविलेले असणें ही नित्याची गोष्ट आहे. रेणूची फाइल आधींच उतरवून आपल्याजवळ ठेवावी. जेएसमोलमध्यें हवा तो देखावा जुळवून तो पीएनजीजे रूपानें साठवावा. ती फाइल साध्या चित्रासारखी कोठेंहि उघडते, आणि तीच जेएसमोलमध्यें परत टाकली कीं रेणु त्याच स्थितींत पुन्हां फिरावयास सिद्ध होतो. प्रत्येक मुख्य मुद्द्यास असें एकेक चित्र काढून तें व्याख्यानाच्या पानांत चिकटवावें, आणि आदल्या दिवशीं, शक्य तर त्याच खोलींत, त्याच तारेनें, त्याच प्रक्षेपकावर एकदां लावून पाहावें. लाल व हिरवा हे रंग शेजारीं ठेवूं नयेत.